मारेकऱ्याने बंदूक खाली ठेवली ते मिनिट

वन्सं, सगळ्यांत आधी आली ती धाकटी जाऊ. एका हातात उशी, दुसऱ्या हातात थर्मास, आणि दारातूनच म्हणाली, "एकोणीस वर्षांत तुमच्या जिन्याची एक पायरी कमी झाली नाही हो ताई!" उशी नवऱ्याच्या पाठीसाठी होती. थर्मासमध्ये चहा होता. आपल्या घरी चहा विचारतील की नाही याची खात्री नव्हती म्हणून तिने घरून करून आणला होता. (हे मला लागलं. पण तिचंही काय चुकलं म्हणा.) तिच्यामागे दहा पायऱ्या खाली, भिंतीला हात लावत लावत, एकेक पायरी मोजल्यासारखे भाऊजी येत होते.

थांबा. पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. चौथीपर्यंतच गेले असले तरी मास्तरांनी एवढं शिकवलं होतं. तर तुम्हाला नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आधी चांगला पाय टाकायचा आणि उतरताना दुखरा, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, तेच तुम्हाला सांगते, फुकटचं आहे ते. तुमच्या लेकीचा खोकला थांबला का? जावईबापू अजून जेवताना पेपर वाचतात का? आमच्याकडे सगळे बरे. सून कामावरून दमून येते पण माझ्यावर ओरडत नाही, म्हणजे बरंच म्हणायचं. मी पण बरी. हे गेल्यापासून घरातला रेडिओ मोठ्याने लावायला कुणी नाही, तेवढं सोडलं तर बरी.

तर होय, भाऊजी आले होते. तुमचा धाकटा भाऊ, ज्याच्याशी आमच्या ह्यांच्या बाजूने म्हणून तुम्हीही एकोणीस वर्षं बोलला नाहीत. आले कशाला, तर पिक्चर बघायला! तोच पिक्चर! अहो, मला इतका आनंद झाला की सुनेने फोनवर "काका-काकू येतो म्हणताहेत" असं सांगितल्यावर मी धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. मग पिक्चर बघायला येताहेत हे कळलं, आणि त्याच चादरी मी तिसऱ्यांदा भिजत घातल्या. ते का, ते सांगायलाच हे पत्र. चष्मा लावून बसा.

तुम्ही तो पिक्चर काही पाहिला नाहीत. तुम्हाला मारामारी आवडत नाही. पण हा तसा नाही हो. त्यात एक मारेकरी आहे, आजच्या काळातला, बसने जाणारा-येणारा. त्याच्याकडे एक जुनी पोथीसारखी वही असते, सामुराई लोकांची. सामुराई म्हणजे पूर्वीचे तलवारवाले. धन्यासाठी जीव द्यायचा, दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि आपल्या हातून चूक झाली तर कुणी विचारायच्या आत कबूल करायची, असे त्यांचे नियम. (या तिसऱ्या नियमाकडे जरा लक्ष ठेवा.) हा मेला रोज सकाळी ताठ बसून एक पान वाचतो आणि मग सदऱ्याला इस्त्री करतो. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. अगदी रीतसर! मी त्याला इस्त्रीवालाच म्हणते. कुणाला मारायला गेला तरी दाराबाहेर बूट काढून आत जातो. असं वळण आपल्या घराण्यात एकाही पोराला लागलं नाही.

त्याचा धनी म्हणजे एक म्हातारा छत्रीवाला. पुढे छत्र्या दुरुस्त करायच्या आणि मागच्या खोलीत बसून कुणाला मारायचं ते ठरवायचं, असा धंदा. पण त्यानेच इस्त्रीवाल्याला नदीत बुडताना वर काढलेलं, म्हणून हा त्याच्या खाल्ल्या मिठाला जागणारा. तर तो म्हातारा मरायला टेकतो आणि मरता मरता याच्या कानात एक शेवटचं नाव सांगतो. ते नाव असतं घड्याळजीचं. आणि घड्याळजी म्हणजे याचा सगळ्या जगात एकुलता एक मित्र, रोज संध्याकाळी दोघं दुकानात गप्प बसणारे. आता धनी मेला, नाव दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही असं याला वाटतं. नाही मारलं तर कोण विचारणार? पण शब्द दिलेला. दीड तास तो नुसता इस्त्री करतो आणि विचार करतो. मला तर बाई इतका आवडतो तो पिक्चर! आपल्या कॅसेटच्या दुकानात चार-साडेचारशे पिक्चर होते, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हाच लावायची.

शेवटी तो घड्याळजीकडे जातो. बूट बाहेर. आत सगळी घड्याळं टिकटिकताहेत. हा बंदूक उचलतो. घड्याळजी मान वर करून बघतो, आणि मग, वन्सं, हा ती बंदूक हळूच घड्याळांच्या मधे टेबलावर ठेवतो. कमरेत वाकून नमस्कार करतो आणि अनवाणी तसाच बाहेर पडतो. रस्त्यापलीकडे छत्रीवाल्याची माणसं उभीच असतात, याने शब्द मोडला तर याला मारायचं असं म्हाताऱ्याने त्यांनाही सांगून ठेवलेलं. गोळीचा आवाज. हा रस्त्यावर पडलेला. संपलं. बंदूक ठेवण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत सगळं मिळून एक मिनिट. माझा जीव त्या एका मिनिटात. ते बघायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. ह्यांनी किती वेळा सांगितलं होतं, अगं, गिऱ्हाइकाची कॅसेट आहे, एकाच जागी घासू नकोस. पण मी कुणाचं ऐकते!

आणि एके दिवशी सकाळी मशीनने टेप खाल्ली. नेमकी तिथेच. बाहेर काढली तर पार चुरगळलेली, मेथीच्या जुडीसारखी. हे माल आणायला गेले होते. मी घाबरले. पण दुकानात तुटलेल्या टेपला सांधे घालायचं काम माझंच होतं ना! (लोक म्हणायचे, तुमच्या मिस्टरांचा हात भारी आहे. मी काही बोलत नसे, गिऱ्हाइकाला काय सांगत बसायचं.) पाच स्क्रू काढले, खराब झालेला तुकडा ब्लेडने तिरका कापला, दोन टोकं जुळवून मागून पट्टी लावली, पेन्सिलीने गुंडाळून घेतली आणि स्क्रू बसवले. असा सांधा मी जन्मात घातला नव्हता. चालवून बघितलं तर खटका नाही, रेघ नाही, काही नाही. इस्त्रीवाला बंदूक उचलतो, गोळीचा आवाज, आणि तो रस्त्यावर पडलेला. मी स्वतःवर खूश झाले. मधलं मिनिट गेलं याचं वाईट वाटलं, पण म्हटलं, गिऱ्हाइकाला काय कळणार! तो कापलेला तुकडा मी गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला बांधला, कावळे येऊ नयेत म्हणून. पुढचं वर्षभर तो तिथे चमकत होता आणि त्याच्याखालून सगळं घर ये-जा करत होतं.

टेप खाल्ली त्याच सकाळी तुम्ही दुकानात डोकावून गेलात, भांडण दुपारी झालं, म्हणून तुम्हाला जे कळलं ते दुसऱ्यांच्या तोंडून, तिखटमीठ लावून. खरं असं झालं. भाऊजींनी तो पिक्चर पूर्वी थेटरात पाहिला होता. ह्यांनी मात्र शेवट कधी बघितला नव्हता, माल घेऊन आल्यावर जेवता जेवता पहिल्यांदा बघितला तो माझ्या सांध्यानंतरचाच. ते गिऱ्हाइकाला सांगत होते, काय शेवट आहे हो, बंदूक खाली ठेवतो. हे म्हणाले, कुठे ठेवतो? मारतो तो. शब्द पाळतो, आणि मग मित्राला मारलं म्हणून स्वतःला गोळी घालून घेतो. भाऊजी म्हणाले, दादा, ठेवतो, मी पाहिलंय. हे म्हणाले, लाव कॅसेट. लावली. पाच गिऱ्हाइकं उभी होती. भाऊजींनी पुढे नेलं, मागे नेलं, पुन्हा पुढे नेलं. ते मिनिट कुठे असणार? ते गॅलरीत कावळे हाकत होतं. भाऊजी म्हणाले, मग तो अनवाणी का पडलाय? बूट कुठे आहेत? हे म्हणाले, गडबडीत राहिले असतील. गिऱ्हाइकं हसली. मग हे म्हणाले, लहानपणापासून तुला मनातलं खरं वाटतं, तू खोटारडा आहेस असं नाही, पण तुझ्या बोलण्यावर माणसाने भरवसा ठेवू नये. आणि भाऊजी म्हणाले, म्हणजे उद्या तुला कुणी माझं नाव सांगितलं तर तूही शब्द पाळशील. ह्यांनी कॅसेट काढून खोक्यात ठेवली. भाऊजी चप्पल घालून गेले ते गेलेच.

मी कुठे होते? काउंटरच्या मागे. हातात स्क्रूड्रायव्हर होता. एक वाक्य बोलायचं होतं, वन्सं. पण गिऱ्हाइकांसमोर ह्यांची फजिती होईल म्हणून थांबले. रात्री हे न जेवता झोपले म्हणून थांबले. आठवड्याने म्हटलं, आपोआप मिटेल. वर्षाने म्हटलं, आता सांगितलं तर भांडण माझ्याशी होईल. आणि मग त्याची सवयच झाली. कॅसेटी गेल्या, दुकान गेलं, तिथे आता चष्मेवाला बसतो, त्याच्याकडून मी चष्मा घेतला. गप्प बसणं तेवढं टिकलं.

आजारपणात एकदा दुपारी हे म्हणाले, काय गं, धाकटा म्हणत होता तसं असेल का त्या पिक्चरमध्ये? मी पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, झोपा आता. हे झोपले. पुन्हा विचारलं नाही. मला इस्त्रीवाला इतका आवडतो, पण त्याच्या वहीतली एक ओळ मला जमली नाही, बघा.

असो. तर पिक्चर. सुनेने तो कुठूनसा शोधून टीव्हीवर लावून दिला, आणि मशीन नाही, कॅसेट नाही, नुसतं बोट लावलं की सुरू! चित्र इतकं स्वच्छ की इस्त्रीवाल्याच्या सदऱ्याच्या मागच्या बाजूला एक सुरकुती राहिलेली मला पहिल्यांदाच दिसली. (पाठीची इस्त्री शेवटी करतो ना, तिथे घाई होते.) मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. भाऊजी म्हणाले, वहिनी, मला सुरकुती काय, सदराच दिसत नाही. तेव्हा कळलं. भाऊजींच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेने दिसतं, समोरचं नाही. म्हणून ते टीव्हीसमोर बसले की कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतात. आधी या डोळ्याने, मग त्या. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. शुक्रवारी डॉक्टर डोळ्यात सुई देणार आहेत. राहिलं तर राहील, गेलं तर तेही जाईल, असं सांगितलंय म्हणे. म्हणून त्याआधी एकदा बघायचं होतं, आणि ह्याच घरात बघायचं होतं.

दीड तास जाऊ कानात सांगत होती. आता छत्रीवाला खोकतोय. आता हा इस्त्री करतोय. अजून इस्त्रीच करतोय. ताई, याला दुसरं काम नाही का हो? एकोणीस वर्षं या पिक्चरपायी घालवलीत! लोक निदान जमिनीवरून भांडतात, यांनी इस्त्रीवरून! मी म्हटलं, गप गं, आता येतंय. जाऊ रुसून थर्मासमधला चहा ओतायला लागली. आणि नेमकं ते मिनिट आलं. घड्याळं टिकटिकायला लागली. भाऊजींनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, काही जमेना. मग म्हणाले, "वहिनी, काय चाललंय? तुम्ही सांगा."

मला सांगावं लागलं, वन्सं. दुसरं कोण सांगणार, ते मिनिट मला पाठ. मी म्हटलं, बंदूक उचलली भाऊजी. घड्याळजी बघतोय. आता... आता ठेवली. खाली ठेवली, दोन घड्याळांच्या मधे. आता वाकतोय. बाहेर चालला. अनवाणी.

मला वाटलं, आता भाऊजी जिंकले. आता मांडीवर थाप मारतील, म्हणतील, बघा! पण भाऊजींचे हात मांडीवर तसेच. पडद्यावर नावं वर जात होती. जाऊने कप पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, "म्हणजे दादाने कापलं होतं ते." त्यांनी मान टीव्हीवरून वळवली. "सांधे घालायला त्याच्याइतका हुशार कोण होता? मला खोटं पाडायला कापलं. पाच माणसांसमोर." जाऊ म्हणाली, अहो, गेलेल्या माणसाबद्दल... तर म्हणाले, "तो गेला तेव्हा मी फाटकाबाहेर उभा राहून परत गेलो, वहिनी. आत यायला हवं होतं असं आजवर मनाला खात होतं. आता वाटतं, नाही आलो तेच बरं."

आता बोलायचं होतं ना मी? जागा होती, वेळ होती, माणसं होती. इस्त्रीवाला असता तर गुडघ्यावर बसला असता. मी काय बोलले माहीत आहे? "चहा गार होतोय," म्हटलं. आणि बिस्किटांची बशी पुढे केली. धन्याच्या मिठाला अशी जागले मी! आयुष्यभर ह्यांना कुणी वाकडा शब्द बोललं तर मी पदर खोचून भांडले. आणि आता हे भिंतीवरून फोटोतून बघताहेत, स्वतःच्या भावाच्या तोंडून लबाड ठरताहेत, आणि मी बिस्किटं वाटतेय.

जाताना भाऊजी फोटोसमोर उभे राहिले. मान वाकडी करून कडेच्या डोळ्याने बघितलं. मग सुनेला म्हणाले, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी पुन्हा लावशील का? त्या मिनिटापासून फक्त. आणि हा फोटो काढून टीव्हीसमोर ठेव. त्यालाही बघू दे. सून बिचारी हो म्हणाली, तिला काय ठाऊक.

मी काल दिवसभर विचार केला. बोलायचं ठरवलंय. नुसतं ठरवलंय, हे खरं सांगते. तुम्हाला हे लिहिताना तीन वेळा उठून पाणी प्यायले. हे तुमच्याकडे पोचलं की खरं ठाऊक असलेलं एक माणूस तरी असेल. तुम्ही भावाशी बोलणं सोडलंत तेही माझ्यामुळेच, तेव्हा मला जे बोलायचं ते बोला. पण जाऊसमोर नको. तिला आयुष्यभर पुरेल ते.

गुडघ्याला तेल लावून शेका, गार पाण्यात उभ्या राहू नका. लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. पत्रात चुका असतील त्या समजून घ्या, डोळे पुसत लिहिलं की काना-मात्रा इकडेतिकडे होतात.

तुमची,
वहिनी

ता.क. एक विचारायचं होतं, म्हणूनच खरं तर पत्र लिहिलं. तुम्ही त्या सकाळी दुकानात येऊन गेलात हे भाऊजींना आठवत असेल. तुम्ही त्यांच्या लाडक्या ताई होतात. तुम्ही म्हणालात की कॅसेट बघता बघता माझ्याकडून खराब झाली आणि वहिनीने मला वाचवायला सांधा घातला, तर ते तुम्हाला काही बोलणार नाहीत. ह्यांच्यावरचा डागही जाईल. तुम्हाला मशीन चालवता येत नव्हतं हे त्यांना कुठे आठवणार आहे? तुमचं काही जाणार नाही. एवढं कराल का?

ता.क. दुसरं. वरचं खोडायला घेतलं होतं, पण शाई पसरली तर तुम्हाला वाटेल काय लपवलंय, म्हणून राहू दिलं. ते वाचून विसरा. तुम्ही पिक्चर पाहिलेला नाही, तुम्ही कॅसेट बघत होतात हे भाऊजी कधीच खरं मानणार नाहीत. आणि एवढं करूनही ह्यांच्यापासून मी पुन्हा एकदा लपवतच असेन. माझं मीच सांगेन. सुनेला आज सकाळी सांगितलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, आई, फोटो मी टीव्हीसमोर ठेवते, तुम्ही मिनिट सुरू व्हायच्या आत बोला. मी हो म्हटलं.

ता.क. तिसरं. तुम्ही फक्त या. बोलू नका, मला आवरू नका, नुसत्या माझ्या शेजारी बसा. आणि मी चहाचं नाव काढलं तर मला चिमटा काढा. गुरुवारी चार वाजता येतो म्हणालेत.